मागच्या खोलीत रेंज नसते

ग्रंथालयासाठी अ‍ॅप करायचं की मोबाइलवर उघडणारी वेबसाइट, याचा अहवाल लिहिण्याचं काम उपग्रंथपालबाईंकडे आलं. ग्रंथपाल निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी अजून कोणी नेमलं गेलं नव्हतं. निधी एकाच गोष्टीपुरता होता. जे होईल ते पुढची काही वर्षं सांभाळावं लागणार होतं, आणि सांभाळणार कोण, हे कुणी विचारलं नाही. पुस्तकांची यादी बाईच ठेवत होत्या.

कार्यकारिणीचं मत मात्र अहवालाआधीच तयार झालं होतं. कंपनीच्या माणसाने बैठकीत लॅपटॉपवरून भिंतीवर अ‍ॅप चालवून दाखवलं. त्यातली एक सोय सगळ्यांना भावली. वाचकाने वाचनालयात कपाटासमोर उभं राहायचं, फोन समोर धरायचा, की पडद्यावर हिरवा बाण उमटतो आणि पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते दाखवतो. बाण हलला तसे सभासदांचे डोळे हलले.

“म्हणजे आता कुणाला काही विचारायलाच नको,” अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते आणि दवाखान्याबाहेरही सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत.

“वेबसाइटमध्ये बाण नाही का?” एका सभासदाने विचारलं.

“नाही. वेबसाइटवर यादी दिसेल, पुस्तक राखून ठेवता येईल, घरपोच मागवता येईल. बाण अ‍ॅपमध्येच,” कंपनीचा माणूस म्हणाला.

“मग प्रश्नच मिटला,” डॉक्टर म्हणाले. “पण बाई, अहवाल लागतोच. दोन्ही वापरून बघा आणि महिनाअखेर द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचक यायच्या आत बाई वाचनालयात गेल्या. प्रवासवर्णनांच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि फोन काढायला पर्समध्ये हात घातला. हाताला पितळी बिल्ला लागला. फोन बाहेर होता, दाराशेजारच्या लाकडी खणांत, जिथे वाचनालयात शिरणाऱ्या प्रत्येकाचा फोन बिल्ला देऊन ठेवून घेतला जातो. आत फोन न्यायचा नाही, हा तिथला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कडक पाळला जाणारा नियम. तो डॉक्टरांनीच केलेला.

बाई दाराशी परत आल्या. खणांपाशी बसणारे काका वर्तमानपत्राच्या घड्या सारख्या करत होते.

“काका, माझा फोन द्या. कपाटापाशी नेऊन बघायचाय.”

“आत न्यायचा नाही बघा. नियम आहे.”

“मला सांगताय?”

“मी सगळ्यांना सांगतो. काल कार्यकारिणीलाही सांगितला. डॉक्टरांनी तर फोन स्वतःच्या हाताने खणात ठेवला.”

म्हणजे सगळी कार्यकारिणी खिशात बिल्ले ठेवून, आत फोन नेणाऱ्या माणसासाठी केलेला बाण बघत बसली होती. त्यात बाईही होत्या. त्यांनी फोन न घेताच टेबल गाठलं आणि अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं: जे काही होईल ते वाचक वाचनालयात नव्हे, घरी वापरणार आहे, तेव्हा त्याची परीक्षा घरी व्हायला हवी.

घर म्हटल्यावर पहिलं नाव आत्याचं होतं.

बाईंच्या आत्याने सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवलं होतं. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं परत आलं नाही. मुलाने त्यांना घराच्या मागच्या खोलीत ठेवलं, कारण ती शांत होती आणि न्हाणीघर जवळ होतं. ग्रंथालयाची गाडी दर आठवड्याला त्यांना पुस्तकं आणून देई. कुठली द्यायची ते देवघेवीच्या टेबलावरचा कर्मचारी ठरवी, आणि अंथरुणावरचा वाचक म्हटल्यावर तो एकाच प्रकारची पुस्तकं बांधत असे.

“माझं हाड मोडलंय, डोकं नाही,” आत्या म्हणाल्या. “हलक्या कादंबऱ्या पाठवा असं कोण बोललं?”

“मग नावं सांगत जा ना, आत्या. मी काढून ठेवीन.”

“नावं मला कुठे माहीत असतात? मी कधी नाव घेऊन आले होते का ग्रंथालयात? फळीवरून बोट फिरवत जायचं. मध्येच एखादं थांबवतं. काय हवंय ते बघितल्याशिवाय कसं कळणार, चिंगे?”

चिंगी हे बाईंचं घरातलं नाव. ते ग्रंथालयात कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांची तशी इच्छाही होती.

आत्यांकडे मुलाने घेऊन दिलेला चांगला फोन होता. बाईंनी पुढच्या खोलीत बसून त्यात अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने सगळी यादी फोनमध्ये उतरवून ठेवली. मग त्यांनी फोन मागच्या खोलीत आणून आत्यांच्या हातात दिला. यादी जशी कपाटात लागते तशीच लागली होती. एका पुस्तकाशेजारी दुसरं, कण्याला कणा. आत्यांनी बोट ठेवलं आणि सरकवलं.

बोट सरकत राहिलं, मग एका कण्यावर थांबलं.

“हे पुलांवरचं आहे. कमानींचे पूल,” आत्या म्हणाल्या. “हे मला ठाऊकच नव्हतं. याच्या शेजारी काय आहे? हां, धरणं. तो विषय पुरे झाला, जन्मभर तेच केलं. पूल पाठव.”

बाईंनी मग वेबसाइट उघडून दिली. पडद्याच्या मध्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला.

“हे काय, भोवरा?”

“इथे रेंज नाहीये. साइटला दर वेळी रेंज लागते. अ‍ॅपला फक्त यादी ताजी करताना आणि पुस्तक मागवताना.”

“मग भोवरा तुझ्या डॉक्टरांना दे. मला ते दुसरं ठेव.”

आतेभावाची बायको दारात उभी होती. “बघा, आज त्या हसल्या,” ती हळूच म्हणाली. “गेल्या महिन्यात पुस्तकांची पिशवी न सोडताच परत दिली होती. मी कुणाला सांगितलं नाही.”

“वहिनी, मला सांगायचं होतंस.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणखी दोन पिशव्या आणल्या असत्या.”

त्या संध्याकाळी बाईंनी अहवाल लिहिला असता तर त्यात अ‍ॅप आलं असतं. आत्यांना हवं होतं, डॉक्टरांना हवं होतं, आणि कुणाचीही नाराजी न घेता काम संपलं असतं. पण पहिल्या वाक्यात घर हा शब्द एका घरापुरता लिहिला नव्हता. सगळ्या घरी जाणं शक्य नव्हतं. मात्र सगळ्या घरांतले फोन रोज एका जागी येत होते.

सोमवारी बाईंनी खणांशेजारी टेबल मांडलं. आत जाण्याआधी ज्याला वेळ आहे त्याने दोन्ही वापरून बघावं, एवढीच विनंती होती. ग्रंथालयाचं वायफाय दारापर्यंत पोचत होतं, त्यामुळे नेट कुणाचं खर्च होणार नव्हतं.

पहिला फोन एका परिचारिकेचा. अ‍ॅप उतरायला लागलं आणि अर्ध्यावर थांबलं. जागा अपुरी.

“असणारच,” ती म्हणाली. “यात ड्युटीचं अ‍ॅप आहे, बँकेचं आहे, मुलीच्या शाळेचं आहे, घरमालकाचं आहे. आता तुमच्यासाठी यातल्या कुणाला बाहेर काढू?”

“घरमालकाला,” मागचा माणूस म्हणाला.

“तो भाडं वाढवून परत येईल.”

मागचा माणूस निवृत्त बसचालक होता. त्याच्या फोनने फोटो पुसायची परवानगी मागितली. त्याने चष्मा कपाळावर ढकलून ते वाचलं.

“नातवंडांचे फोटो पुसा म्हणतंय. ग्रंथालयासाठी वंश बुडवू का, बाई?”

“नको. साइट उघडून बघा.”

साइट उघडली. सावकाश, आधी अक्षरं, मग चौकटी, पण उघडली. चालकाने स्वतःचं आवडतं कपाट शोधलं, एका पुस्तकाशी थांबला आणि ते राखून ठेवलं. “दिसायला काही खास नाही,” तो म्हणाला. “पण गाडी सुरू होते.”

एक वयस्कर जोडपं आलं. दोघांत मिळून एकच फोन, मागचं झाकण रबराने बांधलेलं. अ‍ॅप त्यात जेमतेम मावलं, पण ते एका वेळी एकाच सभासदाला ओळखत होतं. आजोबांचं नाव घातलं की आजींची पुस्तकं दिसेनात.

“मी बाहेर पडायचं, मग ही आत येणार?” आजोबांनी विचारलं.

“लग्नात असंच ठरलं होतं,” आजी म्हणाल्या. “तुम्ही बाहेर पडलात की मी निवांत.”

पण पासवर्ड दोघांनाही आठवेना, आणि बाहेर पडून पुन्हा आत यायला दोघंही राजी नव्हती. साइटवर नुसता कार्डाचा क्रमांक पुरत होता.

विद्यार्थ्यांनी अ‍ॅप झटपट घेतलं, छान आहे म्हणाले आणि आत गेले. त्यांच्यामुळे बाईंना जरा धीर आला. गुरुवारी त्यातले बरेच परत आले तेव्हा त्यांनी फोन बघायला मागितले. बहुतेकांच्या फोनमध्ये अ‍ॅप नव्हतं.

“काढून का टाकलंत?”

“महिन्यातून दोनदा लागणारी वस्तू आहे, मॅडम,” एक मुलगी म्हणाली. “ती रोज उशाशी कशाला? मला लिंक पाठवा ना. मेसेजमध्ये पडून राहील, लागली की उघडीन.”

शनिवारी टेबल उचलताना उत्तर स्पष्ट होतं. साइट जवळजवळ सगळ्यांकडे उघडली होती, फुटक्या काचेवरही. अ‍ॅप ज्यांच्याकडे टिकलं ते थोडे होते, आणि त्या थोड्यांत आत्या होत्या.

बाईंनी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

“साइटला यादी फोनमध्ये साठवायला लावता येईल का? रेंज गेली तरी दिसेल अशी?”

“येईल, मॅडम. पण ते वेगळं काम आहे, आणि तुमची यादी मोठी आहे. या करारात बसणार नाही. पुढच्या वर्षी मागणी घाला.”

“आत्ताच होईल असं म्हणालात तर माझं काम सोपं होईल.”

“आत्ता म्हणेन, आणि नंतर तुमचा फोन उचलणार नाही. तसं चालेल का?”

“नाही.”

“मग पुढच्या वर्षीच.”

“आणि दोन्ही एकदम घेतली तर?”

“अ‍ॅप म्हणजेच दोन कामं आहेत. दोन प्रकारच्या फोनसाठी दोन वेगळी. फोनच्या कंपन्या दर वर्षी काहीतरी बदलतात, की आम्हाला दोन्ही पुन्हा उघडावी लागतात. त्यात साइट धरली की तीन. हे सांभाळायला तुमच्याकडे माणसं किती?”

“मी.”

“मग तुम्हीच सांगा.”

बाईंनी रविवारी अहवाल पूर्ण केला. एका पानाचा होता. शिफारस वेबसाइटची होती. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की एका घरी अ‍ॅप निश्चितपणे सरस ठरलं, तिथला वाचक अंथरुणाला खिळलेला आहे, आणि तो अहवाल लिहिणाऱ्याचा नातेवाईक आहे. ही शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती. बाईंनी ती दोनदा खोडली आणि दोनदा परत घातली.

बैठकीत डॉक्टरांनी शेवटचा परिच्छेद आधी वाचला.

“बाई, हे तुमचे नातेवाईक कोण?”

“माझी आत्या.”

“त्यांनी अ‍ॅपवरून पुस्तक मागवलं?”

“हो. वर्षभरात स्वतः निवडलेलं पहिलं.”

“मग घराबाहेर पडू न शकणाऱ्या वाचकाला जे उपयोगी पडतं, तेच तुम्ही नको म्हणता?”

“घराबाहेर न पडणारे आणखीही आहेत, डॉक्टर. गाडी ज्यांच्याकडे जाते त्या सगळ्यांना मी फोन केला. निम्म्यांच्या फोनमध्ये अ‍ॅपला जागा नाही.”

“लोक नवे फोन घेतील.”

“घेतील तेव्हा साइट त्यांच्यावरही उघडेल.”

डॉक्टरांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. “अ‍ॅपचं चिन्ह फोनवर राहतं. दिवसातून दहा वेळा आपलं नाव नजरेखालून जातं. त्याला काही किंमत आहे की नाही?”

“तुमच्या दवाखान्याचं अ‍ॅप आहे का?”

“नाही.”

“मग रुग्ण कसे येतात?”

“दात दुखला की येतात.”

“आमच्याकडेही पुस्तक हवं झालं की येतात. तेव्हा दार सापडलं म्हणजे झालं.”

टोकाला बसलेल्या सभासदाने घसा साफ केला. “मला बाणाचं विचारायचंय. तो आत न्यायचा कसा? फोन तर बाहेर असतो.”

कुणीतरी खिसा चाचपला. बिल्ले एकमेकांवर वाजल्यासारखा आवाज आला.

“नियम बदलता येईल,” डॉक्टर म्हणाले.

“नियम तुमचाच आहे.”

“म्हणूनच बदलवत नाही.” ते स्वतःच हसले, आणि त्यांच्या हसण्यामुळे इतरांना हसता आलं. मग त्यांनी पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. “ठीक आहे. साइट करा. पुढच्या वर्षीची ती साठवणुकीची मागणी आत्ताच घालून ठेवा. पण बाई, तुमच्या आत्यांना कोण सांगणार?”

“मी. आजच.”

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुलांचं पुस्तक उशाशी होतं, अर्ध्यावर चष्म्याची दांडी खूण म्हणून घातलेली.

“हे अ‍ॅप कधी बंद होणार?”

“चाचणीपुरतं होतं. महिनाअखेरपर्यंत आहे.”

“आणि तुला आधीपासून ठाऊक होतं की इथे भोवरा फिरतो.”

“हो.”

“तरी तू तेच लिहिलंस.”

“तेच लिहिलं. माझ्या मनात अ‍ॅपच होतं, आत्या. पण दारावर दिसलं ते लपवून कसं लिहायचं? तू नकाशात पाइप कुठे दाखवायचीस, जिथे हवा होता तिथे की जिथे होता तिथे?”

“मला माझ्याच नोकरीचे दाखले देऊ नकोस,” आत्या म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो आवरला नाही. “म्हणजे परत हलक्या कादंबऱ्या. गोड शेवटाच्या.”

“नाही. त्या मी बंद केल्या. तू सांगशील तेच येईल. मी रोज यादी वाचून दाखवीन फोनवर.”

“तू वाचणार, मी ऐकणार. म्हणजे थांबायचं कुठे ते तू ठरवणार.”

बाईंनी आत्यांचा फोन उचलला, साइट उघडली आणि गोल फिरत असतानाच खोलीबाहेर पडल्या. बोळात गोल फिरत होता. स्वयंपाकघराच्या दारात तो थबकला आणि पुन्हा फिरू लागला. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी, पान उघडलं. आधी अक्षरं, मग चौकटी. बाईंनी दोन पावलं मागे घेतली, पान टिकलं. सोफ्यापाशी बसून पाहिलं, तिथेही टिकलं.

“कुठे उघडलं?” आतून आवाज आला.

“पुढच्या खोलीत. खिडकीशी.”

“किती लांबपर्यंत?”

“सोफ्यापर्यंत.”

मग आत्यांनी सुनेला हाक मारली.

“अगं, माझी खाट पुढे न्यायची.”

वहिनी हात पुसत आली. “पुढे कुठे, आई?”

“खिडकीशी. सोफा आहे तिथे.”

“आणि सोफा?”

“सोफा इकडे आण. तो काही वाचत नाही.”

“अहो आई, तिथे पाहुणे बसतात. टीव्ही आहे. दारावरची घंटा वाजते, सारखी ये-जा. तुम्हाला शांतता हवी म्हणून तर यांनी इथे ठेवलं.”

“शांतता त्याला हवी होती. मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मला बोलायचंही भान नव्हतं, ते सोड. आता आहे.”

“न्हाणीघर लांब पडेल.”

“पडेल. बोळातून चाकाची खुर्ची जाते. मी मोजून ठेवलंय.”

आतेभाऊ कामावरून आला तेव्हा सोफा बोळात अडकलेला होता. एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला बाई. त्याने पिशवी खाली ठेवली.

“हे काय चाललंय?”

“आईंची बदली झालीय,” वहिनी म्हणाली. “पुढच्या कचेरीत.”

त्याने मागच्या खोलीत जाऊन आईशी वाद घातला. तो दमला होता आणि त्याचे मुद्दे चुकीचे नव्हते. पाहुण्यांसमोर अंथरूण बरं दिसत नाही. रात्री रस्त्याचा उजेड येतो. हिवाळ्यात खिडकीतून वारा येतो. आत्यांनी एकेक मुद्दा मान्य केला आणि एकाही मुद्द्यावर बेत बदलला नाही. पडदा लाव, म्हणाल्या. खिडकीच्या फटीत कापड घाल. पाहुण्यांना बरं वाटत नसेल तर ते लवकर उठतील, तुझाच फायदा आहे.

खाट दारातून निघेना. आत्या चाकाच्या खुर्चीत बसून बघत होत्या.

“आडवी नको. उशाकडची फळी काढ आधी. चार बोल्ट आहेत. मग पायांकडून उभी कर आणि डावीकडे वळव.”

“डावीकडे भिंत आहे, आई.”

“भिंतीआधी वीतभर जागा आहे. वळव.”

खाट वळली. भिंतीचा थोडा रंग निघाला, पण वळली. पुढच्या खोलीत ती खिडकीशी लागली तेव्हा टीव्हीसमोरची जागा अर्धी झाली होती आणि पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या उरल्या होत्या. आतेभावाने कपाळ पुसलं, आईला उचलून खाटेवर ठेवलं, पाठीशी उशा लावल्या आणि खिडकीच्या फटीत बोट घालून वारा कुठून येतो ते बघितलं.

“चार दिवस बघू,” तो म्हणाला.

“बघ,” आत्या म्हणाल्या, आणि फोनसाठी हात पुढे केला.

साइट उघडली. अ‍ॅपपेक्षा ती हळू होती. प्रत्येक फळीनंतर थोडं थांबावं लागत होतं आणि पुस्तकांची चित्रं नव्हती, नुसती नावं. आत्यांनी तक्रार केली नाही. बोट एका नावावर थांबलं. दीपगृहांवरचं पुस्तक होतं. त्याच्या शेजारी भरती-ओहोटीच्या मोजणीवर एक होतं, कुणीच कधी न नेलेलं असावं असं नाव. दोन्हींवर त्यांनी खूण केली. मग फळी संपली आणि पुढची उघडली.

“चिंगे, तिसरं चालतं का?”

“घरपोच दोनच. नियम आहे.”

“मग थांब. बदलते.”

त्यांनी दीपगृहांवरची खूण काढली, नावाकडे पुन्हा पाहिलं आणि परत लावली. भरती-ओहोटीवरची काढली. मग तीही परत लावली आणि फळीच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा एकेक नाव वाचू लागल्या. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली. वहिनीने दार उघडलं, शेजारीण आत आली आणि खाट बघून उंबऱ्यातच थबकली.

“बसा,” आत्या वर न बघता म्हणाल्या. “मला जरा वेळ लागणार आहे.”